मागे घेतलेला निबंध

सन २०४१च्या जून महिन्यात, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, मी कॉलेजात नाव घातलं. तोवरचं सारं आयुष्य एसटीत गेलं होतं. मी कंडक्टर होते. पेणहून सुटणाऱ्या गाड्यांत इतकी वर्षं उभी राहिले की निवृत्त झाल्यावरही घरात चालताना माझा एक हात आधाराचा दांडा शोधायचा. माझ्या नोकरीच्या दिवसांत रस्त्यांना खड्डे होते, सुट्ट्या पैशांवरून भांडणं होती, आणि माणूस एकदा जे बोलला ते त्यानं बोललेलंच राहायचं. हे शेवटचं आजच्या मुलांना खोटं वाटेल. म्हणून लिहायला बसले.

आमचं गाव मांडवखार, खाडीच्या काठी. गावाच्या खालच्या अंगाला खारबंद आहे. खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेला मातीचा बांध. त्यात पावसाचं पाणी बाहेर सोडायला लाकडी दारं असतात, त्यांना आम्ही उघाडी म्हणतो. उघाडीची दारं कुजली की भरतीचं पाणी उलटं आत येतं. लहानपणी मी बांधाला खांड, म्हणजे भगदाड, पडलेली पाहिली आहे. एका भरतीत भातशेतं खाडी झाली आणि त्या वर्षी आमच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं. आई ते पाणी तोंडात घेऊन थुंकली होती, तो आवाज अजून कानात आहे.

२०४० उजाडेपर्यंत गावातल्या निम्म्या विहिरी मचूळ झाल्या. सगळे म्हणायचे, हवामान. मी म्हणायचे, उघाडी. माझं कुणी ऐकेना. तेव्हा आमचे हे, बळीराम घरत, आरामखुर्चीतून म्हणाले, "तोंडाने सांगून कोन ऐकतो? लिहून दे. छापून आला म्हंजे लोकांना खरा वाटतो."

"लिहायचं कसं ते येत नाही."

"मंग शिक. आनि तू सायंटिस झालीस म्हंजे चा मी करीन, तेवढा एक सांगून ठेवतो."

गावातल्याच कॉलेजात वर्षभराचा एक अभ्यासक्रम होता, 'संशोधन-लेखन आणि पुनर्लेखन'. पीएच.डी. करणाऱ्यांना तो सक्तीचा होता. आम्हा म्हाताऱ्यांना जागा उरली तर घेत. जागा उरली.

शिकवायला डॉ. फातिमा मुकादम होत्या. किरकोळ अंगाच्या, आवाज मात्र बाजाराच्या गाडीतही शेवटच्या सीटपर्यंत पोचावा असा. पहिल्याच दिवशी त्यांनी वर्गाची रीत सांगितली. कुणाच्याही निबंधावर टीका करायची असेल, तर आधी उभं राहून, कागद न बघता, त्याचा पूर्वपक्ष मांडायचा. म्हणजे समोरच्याचं म्हणणं त्याच्याहून चांगलं सांगायचं. लेखकाने "हो, मला हेच म्हणायचं आहे" असं म्हटल्याशिवाय टीकेचा एक शब्द काढायचा नाही.

"जुन्या शास्त्रार्थातली पद्धत आहे," मॅडम म्हणाल्या. "याने भांडणं लांबतात, पण नीट होतात."

माझा कच्चा निबंध वाचून झाला, तेव्हा उठली ती शाल्मली नाखवा. कोळीवाड्यातली पोर, भूजलावर पीएच.डी. करणारी. तिच्या आजीला मी शेकडो वेळा तिकीट फाडून दिलं होतं, आणि टोपलीचं वेगळं तिकीट लागतं यावरून तितक्याच वेळा भांडले होते.

"घरतमावशींचं म्हणणं असं आहे," शाल्मली म्हणाली. "मांडवखारच्या विहिरी मचूळ होण्याचं कारण उघाडीची कुजलेली दारं. भरतीचं पाणी शेतात येतं, आडवं झिरपतं आणि विहिरींत उतरतं. म्हणून दारं बदलली तर विहिरी पुन्हा गोड होतील. जुन्या बायकांच्या आठवणी आणि एका उन्हाळ्याची मोजमापं हा त्याचा आधार. बरोबर, मावशी?"

"हो. हेच."

"मला हे पटत नाही. उघाडीजवळची खालची विहीर अजून गोड आहे. पण माझ्याकडे आकडे नाहीत."

"मग आकडे आण, बाय," मी म्हणाले. "बिनतिकिटाचं मी कुणाला बसू देत नाही."

वर्ग हसला. शाल्मलीही हसली, पण तिने हनुवटी वर केली होती. ही पोर आकडे आणणार हे मला तेव्हाच कळलं.

आता 'नित्यनूतन'बद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे घडलं.

पूर्वी निबंध एकदा छापला की संपला. पुढे तो चुकीचा ठरला तरी कागदावर तसाच राहायचा आणि कुणीतरी तो वाचून फसायचं. औषधाचं जुनं प्रमाण वाचून डॉक्टरांनी रोग्यांना ते दिल्याची प्रकरणं झाली, आणि मग संशोधन मंडळाने नित्यनूतन आणलं. कल्पना साधी होती. जगभर मोजमापं सतत गोळा होत असतात. विहिरींत क्षारमापक असतात, शेतांत ओल मोजणारी यंत्रं असतात, आणि कुणीही घेतलेली नवी मोजमापं त्याच दिवशी सार्वजनिक कोठारात टाकणं कायद्याने बंधनकारक होतं. नित्यनूतन ही मोजमापं प्रत्येक निबंधाशी ताडून बघे. निष्कर्ष डळमळला तर नवं गणित करी आणि निबंधातली वाक्यं नव्याने लिही. त्याच लेखकाच्या नावाने, त्याच्याच शैलीत, त्याच जुन्या तारखेखाली. जुनी आवृत्ती पुसून टाकली जाई, कारण ती ठेवली तर लोक आपल्या सोयीची उचलतात, असं मंडळाचं म्हणणं होतं.

थोडक्यात, जगातला कुठलाच निबंध चूक उरला नव्हता. मुलं त्याला लाडाने नित्या म्हणत. मलाही त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. खरं तर तो एखाद्या सुनेसारखा वाटायचा, मागून गुपचूप सगळं आवरणारी.

दिवाळीच्या आधी माझा निबंध प्रसिद्ध झाला. 'उघाडीची नादुरुस्ती आणि विहिरींचे मचूळपण', लेखिका रंजना बळीराम घरत. ह्यांनी त्या दिवशी खरोखर चहा केला. साखर विसरले, पण केला.

शाल्मलीने उन्हाळाभर काम केलं. वरच्या आळीतल्या, खाडीपासून लांबच्या विहिरींत तिने आपले क्षारमापक सोडले. शेजारी नव्या रिसॉर्टांच्या कूपनलिका होत्या. तिला दिसलं ते असं: समुद्राकाठी जमिनीखालचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, दुधावर साय असावी तसं. वरून गोडं पाणी उपसून त्याची पातळी हातभर खाली नेली, की खालचं खारं पाणी कित्येक हात वर सरकतं. कूपनलिका ही साय ओरबाडत होत्या. खारं पाणी उघाडीतून आडवं येत नव्हतं, पायाखालून उभं चढत होतं. दारं सोन्याची केली असती तरी विहिरी गोड झाल्या नसत्या.

रोजची मोजमापं ती रोज कोठारात टाकत होती. कायदाच होता.

पावसाळ्यात तिने प्रबंध सादर केला, आणि दोनच दिवसांनी ती आमच्या दारात उभी राहिली. चपला न काढता.

"वाचा," म्हणाली, आणि तिने हातातल्या फोनचा पडदा माझ्यापुढे धरला.

त्यावर एकच ओळ होती. 'निष्कर्ष नवा नाही. पाहा: घरत, २०४१.'

"काहीतरी गोंधळ झालाय," मी म्हणाले. "मी तर उघाडीचं लिहिलंय."

"लिहिलं होतं. आता काय आहे ते बघा ना. तुमचाच निबंध आहे."

मी कित्येक महिन्यांनी माझा निबंध उघडला. शीर्षक होतं, 'कूपनलिकांचा उपसा आणि विहिरींचे मचूळपण'. माझी लहान लहान वाक्यं, माझी 'आमच्याकडे' म्हणायची सवय, सगळं माझंच. गोड्या पाण्याच्या सायीचं गणितही होतं. आणि शेवटी, अगदी माझ्या आवाजात: 'गावात उघाडीला दोष देण्याची रीत आहे, पण तो समज चुकीचा आहे.'

माझी समजूत खोडून काढणारी ओळ माझ्याच तोंडी होती, आणि तारीख होती ऑक्टोबर २०४१ची.

"तुझी मोजमापं नित्याने उचलली," मी म्हणाले. "आणि माझा निबंध सुधारला."

"आणि मी तुमची नक्कल केली असं ठरलं. प्रबंध बाद. पाच वर्षं गेली, मावशी." ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. "तुम्हाला काय, तुम्ही पहिल्यापासून बरोबरच होतात."

ती गेल्यावर हे म्हणाले, "यवढा काय झाला? तू तर आधीपासून बोरिंगचाच बोलत होतीस."

ते चेष्टा करत नव्हते. गावात सगळीकडे घरतबाईंचा निबंध वाचला जात होता, पाणीपुरवठा खात्याने त्यावरून रिसॉर्टांना नोटिसा काढल्याचंही मला तेव्हाच कळलं, आणि माझ्याच नवऱ्याच्या डोक्यातून ती उघाडी धुऊन निघाली होती. ज्या माणसाने वीस वर्षं माझी उघाडीची कटकट ऐकली, त्याच्या.

"मी उघाडी म्हणत होते," मी म्हणाले. "रोज म्हणत होते. तुम्ही कानात बोटं घालायचात."

"असंल बाबा," ते म्हणाले.

त्या दुपारी मला पहिल्यांदा राग आला. चुकल्याचा नाही. माझी चूक माझ्या परवानगीशिवाय उचलून नेली होती, आणि जाताना त्या पोरीचं घरदार लुटलं होतं.

प्राचार्य डॉ. सबनीस वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"घरतबाई, लोक माझ्याकडे आपली चूक झाकायला येतात. तुम्ही चूक सिद्ध करायला आलात."

"मग सिद्ध करून घ्या. माझा हस्तलिखित मसुदा आहे."

"मसुद्यात माणूस काहीही लिहितो. छापण्यापूर्वी तुम्ही मत बदललं असेल."

"छापलेली प्रतही आहे माझ्याकडे."

"ती काल काढली नाही कशावरून?"

"सगळ्या वर्गाने ऐकलंय. शाल्मलीने तर तोंडपाठ म्हणून दाखवलं होतं."

"ती स्वतःच्या बाजूने बोलणारच. आणि आठवण पुरावा धरत नाहीत आता." त्यांनी चष्मा काढून पुसला. "हे बघा, तुमच्या निबंधाचे हवाले राज्यभर दिले जातात. आपल्या कॉलेजला अनुदान मिळतं ते अशा हवाल्यांवर. मी एक करू शकतो. शाल्मलीचं नाव तुमच्या निबंधावर सहलेखिका म्हणून घालतो. पदवीचं पुढे काहीतरी बघू."

मी ते शाल्मलीला सांगितलं. जेटीवर बसून ती क्षारमापक धूत होती.

"मला तुमच्या शेजारची सीट नको, मावशी," ती मान वर न करता म्हणाली. "माझी गाडी होती."

"बरोबर आहे," मी म्हणाले. "मी तुला ती सीट घे म्हणून सांगायला आले नव्हते. तू नाही म्हणतेस का ते बघायला आले होते."

तेव्हा तिने मान वर केली. "तुम्ही आजीशीही अशाच बोलायचात ना? ती घरी येऊन शिव्या द्यायची."

"शिव्या द्यायची, पण टोपलीचं तिकीट काढायची."

मी तिथून उठून थेट मुकादम मॅडमकडे गेले. त्या वर्गात एकट्याच पेपर तपासत होत्या. मी विचारलं, "मॅडम, या नित्याच्या तावडीतून निबंध सोडवायचा कसा?"

त्यांनी हातातला पेपर बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "अभ्यासक्रमाच्या शेवटी एक प्रकरण आहे. मी शिकवत नाही, कारण त्याची कुणाला गरज पडत नाही. निबंध मागे घेणे."

"मग घेऊ या."

"ऐकून तर घ्या, रंजनाताई. मागे घेतला की निबंध कायमचा जातो. कुणी त्याचा हवाला देऊ शकत नाही, कुणाच्या आड तो येऊ शकत नाही. शाल्मलीचा निष्कर्ष पुन्हा नवा ठरेल. पण तुमचं नाव माघारीच्या यादीत चढेल. पुन्हा कुठेही काही छापता येणार नाही, जन्मभर. आणि प्रसिद्ध निबंध नाही म्हणजे आपल्या कोर्सचं प्रमाणपत्रही रद्द."

"आणि त्या जागी काय उरतं? काहीच नाही?"

"कारण उरतं. मागे का घेतला, ते लेखकाने स्वतःच्या शब्दांत लिहायचं असतं. कायद्याने तो जबाब आहे. जबाबाला नित्यनूतन हात लावत नाही."

मी खुर्ची ओढून बसले. "मॅडम, कागद द्या."

"घरी विचारा आधी."

"चाळीस वर्षं गाडीची घंटा मी घरी विचारून वाजवली नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघी त्याच वर्गात बसलो. शाल्मलीला मीच बोलावलं होतं. ती यायला तयार नव्हती. म्हणत होती, "माझ्यासाठी असलं काही करू नका, मला ते ओझं होईल." मी म्हटलं, "तुझ्यासाठी कोण करतंय? माझं तोंड दुसऱ्याने वापरलेलं मला खपत नाही. तुझा फायदा झाला तर होऊ दे, मी काय करू."

रात्री जागून एक मसुदा केला होता. मी तो वाचला. 'मी नम्रपणे कळवू इच्छिते की माझ्या निबंधातील निष्कर्षांत काही त्रुटी असण्याची शक्यता आहे.'

"हे कोण बोलतंय?" मॅडम म्हणाल्या. "तुम्ही, की डेपोतलं परिपत्रक?"

'नम्रपणे' गेलं. 'कळवू इच्छिते' गेलं.

"आणि 'काही त्रुटी' कसल्या?" शाल्मली म्हणाली. "मावशी, सगळंच उलटं होतं."

"सगळं नाही. विहिरी मचूळ झाल्यात हे तरी खरं होतं ना?"

"ते आंधळ्यालाही कळत होतं."

'काही त्रुटी' गेल्या. 'शक्यता' तर मॅडमनी न विचारताच खोडली. पुढे मी नित्याबद्दल परिच्छेदभर लिहिलं होतं, चोर म्हटलं होतं, दरोडेखोर म्हटलं होतं. मॅडमनी पेन्सिलीने त्यावर आडवी रेघ मारली.

"राग खरा आहे," त्या म्हणाल्या, "पण इथे जागा खातो. काय झालं ते सांगा. राग वाचणाऱ्याला येऊ द्या."

मी ते मानलं. वर्षभर त्यांनी पुनर्लेखन शिकवलं होतं, पण ते मला खरं समजलं त्या दुपारी. एरवी वाक्य कच्चं राहिलं तरी चालायचं, नित्या बघून घेई. हे वाक्य कुणीच बघून घेणार नव्हतं. जसं ठेवू तसं राहणार होतं. तिघीही एकेका शब्दाला हात लावताना थांबत होतो.

एका वाक्यावर मात्र आमचं अडलं. मी लिहिलं होतं, 'लहानपणी खांड पडलेली मी स्वतः पाहिली, म्हणून मला माझंच खरं वाटलं.'

"हे संशोधनाचं वाक्य नाही," मॅडम म्हणाल्या. "काढा."

"नाही काढणार."

"रंजनाताई, मार्क जातील."

"मार्क तर सगळेच चाललेत, मॅडम. मी का चुकले ते या एकाच वाक्यात आहे. पुढच्याला उपयोगी पडलं तर हेच पडेल."

मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली. शाल्मलीने ते वाक्य मनाशी एकदा पुटपुटलं आणि म्हणाली, "राहू दे, मॅडम. हे काढलं तर पूर्वपक्ष अपुरा राहील."

शेवटी उरलं ते एवढं:

'२०४१ साली मी लिहिलं की मांडवखारच्या विहिरी उघाडीच्या कुजलेल्या दारांमुळे मचूळ झाल्या. हे चूक होतं. लहानपणी खांड पडलेली मी स्वतः पाहिली, म्हणून मला माझंच खरं वाटलं. खरं कारण कूपनलिकांचा उपसा हे आहे. ते शाल्मली नाखवा हिने २०४२च्या उन्हाळ्यात शोधलं. माझ्या नावाखाली आज जे बरोबर उत्तर दिसतं ते तिचं आहे. मी ते कधीही लिहिलं नाही. म्हणून हा निबंध मागे घेत आहे. रंजना घरत.'

पाठवण्याआधी सबनीस सरांचा फोन आला. कुठून तरी त्यांना कळलं होतं. "घरतबाई, कॉलेजचा विचार करा. विद्यार्थ्यांचा विचार करा."

"एक विद्यार्थिनी माझ्या शेजारीच बसली आहे, सर," मी म्हणाले. "तिचाच करते आहे."

आणि मी पाठवून दिलं. पडद्यावरून माझा निबंध गेला. नाव, तारीख, सायीचं गणित, सगळं गेलं. खाली जबाबाच्या तेवढ्या ओळी राहिल्या. शाल्मलीने पर्समधून शेंगदाण्याचा लाडू काढून त्याचे तीन तुकडे केले. तिला त्या वेळी दुसरं काही सुचलं नसावं. मलाही सुचलं नाही. आम्ही खाल्ला.

नंतर काय झालं ते सांगून थांबते.

त्या वर्षी कॉलेजचं अनुदान खरंच कमी झालं. सबनीस सर दोन वर्षं माझ्याशी बोलले नाहीत. निवृत्तीनंतर त्यांनी त्यांचा स्वतःचा एक निबंध मागे घेतला. जबाबात काय लिहिलं ते मी वाचलं आहे. चांगलं लिहिलं आहे, फक्त 'नम्रपणे' खोडायचं राहून गेलं आहे.

मुकादम मॅडमना विद्यापीठाने तंबी दिली. त्यांनी दुसऱ्या सत्रापासून शेवटचं प्रकरण सर्वांत आधी शिकवायला घेतलं. माघारीची यादी हळूहळू वाढत गेली. दहा वर्षांत ती इतकी मोठी झाली की लोक तिच्यातच वाचायला जाऊ लागले, कारण कुणाला आधी काय वाटत होतं आणि ते का बदललं, हे जगात दुसरीकडे कुठे सापडत नव्हतं. नित्यनूतन बंद झालं नाही. पण आता जुनी आवृत्ती पुसायची असेल तर लेखकाला विचारावं लागतं. मॅडम पाच वर्षांपूर्वी गेल्या.

आमचे हे शेवटपर्यंत चहा करत राहिले आणि शेवटपर्यंत म्हणत राहिले की बोरिंगचं पहिल्यांदा त्यांच्या बायकोनेच सांगितलं होतं. मी प्रत्येक वेळी भांडले. ते गेले त्याच्या आदल्या आठवड्यातही भांडले.

शाल्मलीला पदवी मिळाली. ती आता भूजल खात्यात मोठ्या जागेवर आहे. गेल्या वर्षी तिच्याच हाताखालच्या एका मुलीने दाखवून दिलं की मांडवखारच्या उत्तरेकडच्या विहिरींना तिचं गणित लागू पडत नाही. शाल्मलीने मला फोन केला. "मावशी, मी पण चुकले," म्हणाली. आवाजात केवढा तोरा होता.

प्रमाणपत्र मला मिळालं नाही. मी त्र्याऐंशी वर्षांची आहे आणि माझ्या नावावर विज्ञानात एकच गोष्ट आहे. ती चूक आहे, आणि तिला आता कुणी हात लावू शकत नाही.